चाळीस सेंटिमीटर ताजा बर्फ, आणि त्याच्याखाली काय?

प्रश्न थोडक्यात असा: दोन दिवसांत ४० सेंटिमीटर ताजा बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं. उत्तरेकडे तोंड असलेला, साधारण ३५ अंशांचा उतार स्कीवरून उतरायचा बेत आहे. त्या भागासाठी हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी पाचपैकी ३ जाहीर झाली आहे. गट चार जणांचा, बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारी रेडिओ यंत्रं, सगळ्यांकडे आहेत. ‘दोन दिवस थांबलो तर पुरेल का? आणि बर्फात खड्डा खणून थरांची चाचणी केली तर खात्री करता येईल का?’

आधी सरळ उत्तर देतो. दोन दिवस थांबण्याचा नियम अर्धाच खरा आहे. खड्ड्यातली चाचणी ‘जाऊ नका’ सांगू शकते, ‘जा’ म्हणण्याचा अधिकार तिला नाही. आणि तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नाहीच: हा ४० सेंटिमीटर बर्फ कशावर पडला? ते कळल्याशिवाय त्या उताराचा निकाल देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. निकाल कसा काढायचा ते मात्र सांगता येईल.

ताजा बर्फ म्हणजे वजन, असं धरून चला. घनमीटरला १०० किलो या घनतेचा ४० सेंटिमीटर बर्फ पडला की दर चौरस मीटरवर ४० किलो भार येतो. ३० मीटर रुंद आणि ५० मीटर लांब, म्हणजे अगदी किरकोळ वाटणाऱ्या उतारावर हे ६० टन होतात. आता प्रश्न उरतो तो हे ६० टन खालच्या थराला पेलतात का, एवढाच. खालचा थर भक्कम आणि खडबडीत असेल, तर एक-दोन दिवसांत नव्या बर्फाचे कण एकमेकांना आणि खालच्या थराला चिकटतात, सगळं दबून बसतं आणि धोका खरोखर उतरतो. तुम्ही ऐकलेला दोन दिवसांचा नियम इथून आला आहे. पण खाली जर साखरेसारखा भुसभुशीत थर असेल, तर दोन दिवसांनी काही होत नाही. तो थर आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने तसाच कमकुवत राहतो. वरचा बर्फ मात्र या दोन दिवसांत घट्ट होत जातो आणि भेग दूरवर वाहून नेण्याच्या कामी आणखी चांगला होतो. म्हणजे थांबल्याने धोका एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त.

हा साखरेचा थर येतो कुठून? हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडतो आणि मग बरेच दिवस निरभ्र, कडाक्याच्या थंडीचे जातात. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं, पृष्ठभाग मात्र रात्री उणे १५-२० पर्यंत गार होतो. दर १० सेंटिमीटरमागे एक अंशाहून जास्त फरक पडला की बर्फातली वाफ खालून वर सरकू लागते, कणांचे आपसातले सांधे नाहीसे होतात आणि कडा असलेले, मोठे, सुटे स्फटिक तयार होतात. जमिनीजवळच्या या थराला डेप्थ होअर म्हणतात. मूठभर घेऊन दाबा, गोळा होणार नाही, बोटांमधून साखरेसारखा गळेल. बर्फाची जाडी जितकी कमी, तितकी ही प्रक्रिया जोरात. त्यामुळे ‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी’ हा हिशेब उलटा पडतो.

दुसरा खलनायक दिसायला फारच देखणा असतो. शांत, निरभ्र, दमट रात्री पृष्ठभागावर पिसांसारखे चमकदार स्फटिक उगवतात, त्यांना सरफेस होअर म्हणतात. सकाळच्या उन्हात ते लखलखतात, लोक फोटो काढतात. वाऱ्याने किंवा उन्हाने ते मोडले तर ठीक. पण त्यांच्यावर हळुवार बर्फ पडला की ती उभी पिसं तशीच गाडली जातात आणि जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा, पत्त्यांच्या बंगल्यासारखा थर आत राहतो. खड्ड्याच्या भिंतीत तो नुसत्या डोळ्यांना कित्येकदा करड्या रेघेसारखाच दिसतो. म्हणून मी हिमवृष्टीच्या आदल्या दिवशी पृष्ठभाग कसा होता याची नोंद ठेवतो. गुळगुळीत कडक पापुद्रा होता, पिसं होती, की वाऱ्याने घासलेला खडबडीत भाग होता? ही एक ओळ पुढे तासभर खणण्याइतकी उपयोगी पडते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर पिसं आणि साखर दोन्ही जास्त काळ टिकतात. तुमचा उतार नेमका तसलाच आहे.

स्लॅब हिमस्खलन होतं कसं, हे डोळ्यांसमोर आणलं की बाकीचं आपोआप समजतं. वर एकसंध पट्टा, खाली कमकुवत थर, त्याच्याखाली घसरायला पाया. तुमच्या वजनाने कमकुवत थर एका जागी चिरडतो. वरचा पट्टा तिथे किंचित खचतो, खचताना शेजारच्या थरावर भार टाकतो, तोही चिरडतो, आणि ही भेग आडवी पळत सुटते. सेकंदाला वीस-तीस मीटर, कधी त्याहून कितीतरी वेगाने. उतार पुरेसा तीव्र असेल तर पट्टा वरच्या बाजूला तुटतो आणि सगळा निघतो. यातला पहिला भाग, म्हणजे भेग सुरू होणं, तुमच्या पायाखाली घडतं. दुसरा भाग, भेगेचं पळणं, तुमच्या हातात नसतो. तुम्ही सपाटीवर उभे असाल आणि तुटेल वरचा उतार, असंही होतं.

हे माझ्यासमोर झालंय. हिमवृष्टी थांबून चार दिवस उलटले होते, आम्ही २० अंशांहून कमी उताराच्या पठारावरून चाललो होतो, मनात काळजी शून्य. पायाखालून ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज आला, जमीन बोटभर खचल्यासारखी वाटली. मागच्या माणसाने ‘काय होतं ते?’ असं विचारेपर्यंत डावीकडे वर, आमच्यापासून पाऊणशे मीटरवर, धारेखालचा सबंध उतार सरकत होता. तो आमच्यापर्यंत पोचला नाही याचं श्रेय भूगोलाला, आमच्या अकलेला नाही. त्या दिवशीपासून मी पायाखालच्या उतारासोबत त्याला जोडलेला वरचा उतारही मोजतो.

आता तुमचे ४० सेंटिमीटर. हा आकडा एकटा काही सांगत नाही. आल्प्समध्ये स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा चालतो, तो मला आजही कामाचा वाटतो: परिस्थिती प्रतिकूल असेल तर १० ते २० सेंटिमीटर ताजा बर्फच घातक ठरतो, संमिश्र असेल तर २० ते ३०, अनुकूल असेल तर ३० ते ६०. प्रतिकूल म्हणजे जोराचा वारा, कडक थंडी, आणि खाली पिसं किंवा गुळगुळीत पापुद्रा. अनुकूल म्हणजे हलका वारा आणि शून्याच्या किंचित खालचं तापमान, विशेषतः बर्फ पडायला सुरुवात होताना, म्हणजे पहिलाच थर ओलसरपणामुळे नीट चिकटतो. तुमचे ४० सेंटिमीटर तिन्ही परिस्थितींत घातक पट्ट्यात येतात किंवा त्याच्या पलीकडे जातात. शिवाय वेग पाहा. तेवढाच बर्फ चार दिवसांत पडला तर थराला सावरायला वेळ मिळतो. ताशी दोन-तीन सेंटिमीटरने एका रात्रीत पडला तर नाही.

आणि वारा. मला एकच गोष्ट विचारायची परवानगी दिली तर मी बर्फ किती पडला हे विचारणार नाही, वारा किती होता आणि कुठून कुठे होता हे विचारेन. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. वाऱ्याआडच्या उतारावर बर्फ साठण्याचा वेग साध्या हिमवृष्टीच्या दहापट होऊ शकतो. त्यातून उडताना कण मोडून बारीक होतात आणि घट्ट रचले जातात, म्हणजे पट्टा आयताच तयार. आकाश निळं असतानाही हे चालू राहतं. धारेवरून बर्फाची शेपटी उडताना दिसली की समजा, पलीकडे भार वाढतोय. तुमच्या मोजपट्टीवर ४० आहे, नाळेत १०० असू शकतो.

वाऱ्याचं काम डोळ्यांना दिसतं, फक्त बघायची सवय हवी. धारेवर पुढे आलेले बर्फाचे छज्जे, म्हणजे कॉर्निस, ज्या बाजूला झुकलेत ती भरलेली बाजू. पृष्ठभागावरच्या धारदार लाटांची टोकं वारा आला त्या दिशेला असतात. उशीसारखे गुबगुबीत, गुळगुळीत फुगवटे म्हणजे ताजा विंड स्लॅब, वाऱ्याने रचलेला पट्टा. त्यावर काठी टोचली की ढोलासारखा पोकळ आवाज येतो. आणि फक्त धारेखालीच पाहू नका. वारा उतारावरून आडवा वाहिला तर मधल्या सोंडांच्या आडोशाला, प्रत्येक घळीच्या एका काठावर तो बर्फ टाकत जातो. वर चढताना मोकळा, खरवडलेला बर्फ लागला आणि दहा पावलांत एकदम मऊ, खोल लागला, तर ती सीमा मनात ठळक ओढून ठेवा.

तापमानाबद्दल दोनच गोष्टी. हिमवृष्टी थंडीत सुरू होऊन उबेत संपली असेल तर हलका बर्फ खाली आणि जड वर, अशी उलटी रचना होते. चालताना ती पायाला कळते: वरचा थर दाबाला विरोध करतो, मग पाय एकदम आत जातो. आणि वादळानंतरचं पहिलं ऊन. पट्टा किंचित गरम झाला की मऊ पडतो, खालच्या थरावरचा तुमचा भार जास्त खोल पोचतो. उन्हाकडच्या उतारांवर खडकांतून बर्फाचे गोळे घरंगळू लागले की त्या बाजूचा दिवस संपला, मग घड्याळात सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

खड्ड्याआधी एक खूण सांगतो जिला खणावं लागत नाही. सारख्याच दिशेच्या, सारख्याच उंचीच्या शेजारच्या उतारावर गेल्या एक-दोन दिवसांतलं हिमस्खलन दिसलं, पायाखाली व्हुम्फ झालं, किंवा स्कीच्या टोकापासून काचेसारखी भेग पळाली, तर हातच्या काकणाला आरसा कशाला? यातलं एकही दिसलं तर मी त्या दिवशी त्या प्रकारच्या उताराचा विषय बंद करतो. तरीही लोक व्हुम्फ ऐकून खड्डा खणायला बसतात आणि चाचणी ‘बरी’ आली की वर जातात. पर्वताने तोंडाने सांगितलेलं सोडून त्याचा जबाब लिहून घेण्यासारखं आहे हे.

आता खड्डा. जागा चुकली तर बाकीचं सगळं वाया. ज्या उतारावर जायचं त्याच दिशेचा, त्याच उंचीचा, जवळपास तेवढ्याच तीव्रतेचा, पण लहान आणि खाली काही धोका नसलेला उतार शोधा. झाडाखाली नको, फांद्यांवरून पडलेल्या बर्फाने तिथले थर बिघडलेले असतात. कोणी तुडवलेली जागा नको. आधी प्रोबने, म्हणजे बर्फात खुपसायच्या लांब सळईने, टोचून जाडी पाहा. मीटर-सव्वा मीटर खोल पुरे, कारण त्याच्या खालपर्यंत एका माणसाचा भार सहसा पोचत नाही. भिंत फावड्याने साफ तासली की हाताने कडकपणा बघत खाली या: मूठ सहज जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, की सुरीच लागते. आकड्यांपेक्षा उड्या शोधा. एक बोट जेमतेम जाणाऱ्या थराखाली मूठ सहज शिरणारा पातळ थर, आणि त्यात भिंगाखाली कडा असलेले मोठे कण दिसले, तर संशयित सापडला.

मग चाचणी. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब मोकळा करून वर फावड्याचं पातं ठेवतात आणि दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारतात. कितव्या टपलीला तुटलं हे सगळे लिहितात, कसं तुटलं हे फार थोडे. हळूहळू चुरा होऊन बसलं ते वेगळं. टेबलाचा खण बाहेर सटकल्यासारखं, एका सपाट पातळीवर झटक्यात तुटलं, तर बाविसाव्या टपलीला तुटलं म्हणून हुश्श करू नका. या चाचणीतून भेग सुरू होणं कळतं, तिचं पळणं फारसं कळत नाही. त्यासाठी मी एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट वापरतो. सायमनहॉइस आणि बर्कलंड या दोघांनी ती सुमारे वीस वर्षांपूर्वी मांडली. खांब उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद, वर-खाली ३०, आणि टपल्या एकाच टोकाला, त्याच क्रमाने. भेग सुरू झाली त्याच किंवा पुढच्याच टपलीला ती सबंध ९० सेंटिमीटर ओलांडून गेली, तर हा बर्फ भेग पळवतो. मग टपली पाचवी होती की पंचविसावी, हा मुद्दा माझ्यासाठी दुय्यम.

आणि ओलांडून गेली नाही तर? तर तुम्हाला एका चौरस फुटाएवढ्या तीन तुकड्यांबद्दल माहिती मिळाली, बस. एकदा वीस पावलांच्या अंतरावर दोन खड्डे खणले होते. एकात काहीच तुटलं नाही, दुसऱ्यात तेराव्या टपलीला आख्खा खांब माझ्या मांडीवर आला. उतार तोच, सकाळ तीच. वारा, खडक, गवत, झुडपं यांमुळे थरांची जाडी पावलापावलाला बदलते. जाड पट्ट्यावर तुमचा भार कमकुवत थरापर्यंत पोचत नाही आणि सगळं शांत वाटतं. मग तुम्ही एका अर्धवट गाडलेल्या खडकाजवळ येता, तिथे पट्टा पातळ, खाली साखर, आणि भेग तिथून सुरू होऊन जाड भागात शिरते. अशा उतारावर पहिले पाच जण सुखरूप उतरून सहाव्याच्या पायाखाली सुटल्याची उदाहरणं आहेत. म्हणून उतारावर आधीच्या स्कीच्या रेघा दिसणं हा पुरावा नाही.

पातळी ३ बद्दल. १९९३ पासून युरोपात एकच पाच पातळ्यांची मोजपट्टी वापरली जाते, उत्तर अमेरिकेतही पाचच पातळ्या आहेत. ३ हा मधला आकडा, म्हणून लोकांना तो ‘मध्यम’ वाटतो. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. प्रत्येक पातळीला धोका पटीत वाढतो, आणि ३ चा अर्थ असा की अनेक तीव्र उतारांवर एकट्या माणसाच्या वजनानेही हिमस्खलन सुटू शकतं. ४ आणि ५ ला बहुतेक लोक घरात बसतात. ३ ला बाहेर पडतात, आणि डोंगरी सहलींतले बरेचसे मृत्यू याच पातळीला होतात. पातळी जाहीर करणाऱ्या बुलेटिनमधला आकडा वाचून थांबू नका, खालचा मजकूर वाचा: कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीच्या वर, कोणता कमकुवत थर, विंड स्लॅब की जुना थर. ‘जुना कमकुवत थर’ हे शब्द दिसले की तुमचा दोन दिवसांचा नियम रद्द. आणि बुलेटिन शेकडो चौरस किलोमीटरसाठी असतं, तुमच्या उताराला ते ओळखत नाही.

बर्फ कळत नसला तरी कोन मोजता येतो. बहुतेक स्लॅब हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांमध्ये सुटतात, सगळ्यात जास्त ३८ च्या आसपास. तुमचा ३५ नेमका त्या पट्ट्यात. नजरेने कोन ठरवू नका, वीस वर्षांनंतर माझीही नजर तीन-चार अंशांनी चुकते. कोनमापक खिशात ठेवा. उताराचं सरासरी माप फसवं असतं, त्यातला सर्वांत तीव्र तुकडा मोजा, विशेषतः फुगवट्याखालचा. खालून जाताना वरच्या सुटण्याच्या जागेकडे कोनमापकाने बघा. २५ अंशांहून जास्त भरले तर तिथून सुटलेलं तुमच्यापर्यंत येऊ शकतं असं धरा. मोठी हिमस्खलनं त्याहून कमी कोनातही येतात. मग खाली काय आहे ते पाहा. घळीच्या बेचक्यात थोडासाही बर्फ खोल साचतो, कड्यावरून किंवा झाडांतून फेकला गेलेला माणूस गाडला जाण्याआधीच जखमांनी जातो.

बीकन सगळ्यांकडे आहेत हे बरं, पण फावडं आणि प्रोब प्रत्येकाच्या पाठीवर हवेत, आणि सराव याच हंगामातला हवा. जुन्या स्विस आकडेवारीत पूर्ण गाडलेल्यांपैकी पहिल्या १५ मिनिटांत काढलेले ९० टक्क्यांच्या आसपास वाचत, ३५ मिनिटांपर्यंत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येई. अलीकडच्या विश्लेषणात तो सुरुवातीचा बरा काळ दहा मिनिटांपर्यंत आखडलेला दिसतो. मीटरभर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनाच्या वर बर्फ उपसावा लागतो, तोही थांबताक्षणी सिमेंटसारखा घट्ट झालेला. चार जणांच्या गटात एक खाली असेल तर उपसणारे तीनच. एका वेळी एकच जण उतारावर, बाकीचे सुरक्षित जागी आणि त्याच्यावर नजर ठेवून, हा नियम यासाठी.

तर तुमच्या दिवसाबद्दल. मी असतो तर तो ३५ अंशांचा उतार यादीतून आज रात्रीच काढला असता, घरात बसून, कारण वर गेल्यावर निळं आकाश आणि एकही रेघ न उमटलेला बर्फ समोर असताना ‘नको’ म्हणणं फार कठीण जातं. त्याऐवजी ३० अंशांच्या आतला आणि वर काही तीव्र जोडलेलं नसलेला उतार निवडा. वाटेत चार-पाच ठिकाणी काठीने, हाताने थर चाचपा, धारेवरचे छज्जे कुठे झुकलेत ते लिहून घ्या, वेळ असेल तर उत्तरेकडच्या एखाद्या छोट्या उतारावर एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट करा. ३५ अंशांच्या उताराचा बेत पुढच्या वेळी मांडताना खाली कोणता थर होता, हे तुम्हाला तोवर माहीत असेल. आणि गटातल्या एकाने जरी कुठेही ‘मला हे ठीक वाटत नाही’ म्हटलं, तर कारण न विचारता मागे फिरायचं, हे निघण्याआधी चौघांनी ठरवून घ्या.